'बेरिंग बसलं' म्हणजे नक्की काय झालं?

काठावरची
एका पाणीयोजनेच्या पंपघरातली नोंदवही विम्याच्या कामासाठी इंग्रजीत करून देते आहे. एका ओळीवर अडलेय. 'रात्री २.४०. दोन नंबर. बेरिंग बसलं. पंप बंद.' दोन नंबर म्हणजे दुसरा पंप, आणि बेरिंग म्हणजे फिरत्या दांड्याला, शाफ्टला, आधार देणारं कडं, एवढं कळलं. मी बेधडक 'नवीन बेअरिंग बसवलं' असं केलं. तिथल्या साहेबांनी लाल रेघ मारली: 'बेरिंग जाम झालं' हवं. लिहिणारे फिटर निवृत्त होऊन गावी गेलेत, फोन लागत नाही. कोणाचं बरोबर?

जुना फिटर
साहेबांचं. नवीन घातलं असतं तर 'बसवलं' किंवा 'टाकलं' लिहिलं असतं. आपण होऊन बसतं ते गेलेलं असतं. घसा बसतो, विहीर बसते, धंदा बसतो, तसंच.

शब्दवेल्हाळ
आणि घडी बसते, जम बसतो, हात बसतो, ते काय वाटोळं झालं म्हणून?

लेथवाला
जुन्या फिटरांना मान देऊन सांगतो, आमच्या शॉपमध्ये जाम झालेल्याला 'धरलं' म्हणतात. 'बेरिंगनं शाफ्ट धरली'. 'बसलं' हा शब्द आम्ही फक्त चांगल्या कामाला वापरतो, आणि तोही सहजासहजी नाही. ६३०९ नंबरचं बेरिंग घ्या, शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे ४५ मिलिमीटरचं भोक. तेलात ११० अंशांपर्यंत तापवायचं, हातमोज्यानं उचलून शाफ्टवर सरकवायचं. शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे जाड पायरीला, टेकलं की नवखा पोरगा हात सोडतो. तिथंच चुकतो. गार होताना आतली रिंग रुंदीतही आकसते आणि खांद्यापासून सुटते. म्हणून गार होईस्तोवर दाबून धरायचं, मग फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांतली, ०.०५ मिलिमीटरची पत्ती खांद्याच्या फटीत घालून बघायची. चारी बाजूंनी जात नसेल तर उस्ताद म्हणायचा, 'हां, बसलं.' माझ्या पहिल्या खेपेला पत्ती सुळकन आत गेली. उस्ताद काही बोलला नाही, बेरिंग उपसून काढायचा पुलर आणून पुढ्यात ठेवला.

शुद्धलेखणी
सगळी चर्चा 'बेरिंग'वर, आणि मराठीत 'धारवा' हा सुंदर शब्द असताना! विश्वकोशात आहे. शाफ्टला 'दंड' म्हणा. 'महापौर'लाही लोक हसले असतील, आज कोण हसतं?

जुना फिटर
स्टोअरच्या खिडकीशी 'दोन धारवे द्या' म्हणून बघा. विळे देतील.

शब्दवेल्हाळ
धारवा ऐकलं की मला मारवा ऐकू येतो. त्यापेक्षा 'भारवा' करा. इंग्रजी 'बेअर' आणि आपला 'भार' एकाच मूळ धातूचे, हे माझं मनचं नाही, भाषाशास्त्रातलं सर्वमान्य आहे. चुलतभावाला घरात घ्यायला कसली शुद्धी लागते? 'बसणे' तर त्याहून जुनं घर: उपविश्, मग बैसणे, मग बसणे. मूळ अर्थ खाली टेकणं एवढाच. चांगलं टेकलं की वाईट, ते क्रियापद सांगत नाही.

शुद्धलेखणी
'भारवा' कुठल्याही कोशात नाही. घरी बसून शब्द पाडू नका.

माळावरून
कोश राहू द्या. बैलगाडीच्या आखाला आणि चाकाच्या मधल्या तुंब्याला ह्यातलं काय लागत होतं? आजोबांच्या गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायची, एरंडेल आणि काजळी. चाक कुरकुरायला लागलं की आजोबा म्हणायचे, 'आख रडतोय.' मोटारीचं बेरिंग वाजतं तेव्हा मीही तेच म्हणतो, गॅरेजवाल्याला बरोब्बर कळतं.

लेथवाला
रडतोय काय! आख तो, मान्य. शाफ्ट मात्र तीच.

जुना फिटर
शाफ्ट तो. 'शाफ्ट वाकला', 'शाफ्ट तुटला'. जन्मभर असंच लिहिलं.

लेथवाला
आमच्याकडे 'वाकली'च. वाक मोजायची डायल लावून फिरवली की कळतंच ती कुठं वाकलीय ते.

काठावरची
दादा लोक, शाफ्टचं लग्न नंतर लावा. मला एकच शब्द हवाय: बसवलं की अडकलं?

जुना फिटर
ताई, स्टोअरचं रजिस्टर बघा. त्या तारखेला बेरिंग निघालं का आणि किती वाजता? रात्री २.४० ला स्टोअर कोण उघडतंय? सकाळी निघालं असेल तर रात्री ते बसलेलंच होतं, म्हणजे माझ्या अर्थानं.

काठावरची
पाहिलं. सकाळी ९.१० ला एक ६३०९ निघालंय. त्याच दिवशी संध्याकाळी त्याच अक्षरात दुसरी नोंद आहे: 'बेरिंग बसलं. पंप चालू.'

लेथवाला
बघा! ही दुसरी नोंद माझी.

जुना फिटर
आणि पहिली माझी. माणूस पंप बंद की चालू ते शेजारी लिहितोय, आणखी काय पाहिजे?

शुद्धलेखणी
'धारवा अडकला' आणि 'धारवा बसवला' लिहिलं असतं तर ही वेळच आली नसती.

शब्दवेल्हाळ
धारवा पुल्लिंगी कुणी ठरवला?