आझुलेजूची पाटी: नाव निळ्यावरून पडलं का, आणि रंग का उडतो?

चिऱ्याचं घर (म्हापसा)
चवथीआधी फाटकाच्या खांबावर घराच्या नावाची निळी-पांढरी पाटी बसवायची आहे, ६ टाइल्सची. पोर्तुगीजमध्ये 'आझुल' म्हणजे निळा, त्यावरून 'आझुलेजू' (अशा रंगवलेल्या चकचकीत टाइल्स) हे खरं का? आणि काही पाट्या दोन-तीन वर्षांत फिक्या कशा पडतात?

शब्दवेडा
नाही, निळ्याशी त्या नावाचा संबंध नाही. मूळ अरबी 'अज्-झुलैज', म्हणजे घासून गुळगुळीत केलेला दगड. 'आझुल' आला फारसी 'लाजवर्द'वरून. दोन्ही शब्द अरबीतूनच पोर्तुगीजमध्ये पोचले, म्हणून कानाला सख्खे वाटतात. सुरुवातीच्या, स्पेनमधल्या सेव्हिलच्या टाइल्समध्ये हिरवा आणि मधासारखा पिवळाही भरपूर असे. निळ्या-पांढऱ्याची चलती सतराव्या शतकातली, चिनी पोर्सेलिन आणि डच डेल्फ्टच्या टाइल्समुळे. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज टाइल-चित्रकार जॉर्ज कोलासो यांचं १९३५चं काम आहे, ते जवळ उभं राहून बघाच.

भट्टीवाला
फिकी पडते ती बहुधा सब्लिमेशन छपाई, म्हणजे कागदावरचं चित्र उष्णतेने टाइलवर उतरवलेलं. तिचा रंग वरच्या प्लास्टिकसारख्या लेपात असतो, उन्हाने तो उडतो. खऱ्या कामात मातीची टाइल आधी सुमारे १००० अंशांवर भाजतात. मग ग्लेझमध्ये (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) बुडवतात. त्यात ५ ते १० टक्के कथिलाचा ऑक्साइड असतो, पांढरेपणा त्याचाच. ग्लेझ सुकून पिठासारखा झाला की टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड थोपटून नक्षी उतरवायची आणि कोबाल्टने रंगवायचं. कोरडा थर पाणी तत्क्षणी पितो, चुकलेली रेघ पुसता येत नाही. पुन्हा भट्टीत गेल्यावर रंग ग्लेझमध्येच मुरतो. बोटाचं तेल किंवा धूळ राहिली तर ग्लेझ आक्रसून तिथे माती उघडी पडते, कोबाल्ट जाड लागला तर निळ्याचा काळा होतो.
घेताना भिंगाने बघा: छपाईत ठिपके दिसतात, हातकामात कुंचल्याचा ओघ आणि रेघेची किंचित विरलेली कड.

गिलावा
चवथीआधी बसवू नका. पावसात खांबाचा चिरा (जांभा दगड) ओला असतो, त्यातला क्षार टाइलच्या मागून येऊन ग्लेझ ढकलतो आणि पापुद्रे निघतात. दिवाळीनंतर खांब कोरडा झाला की नवा गिलावा करा, तो ३-४ आठवडे वाळू द्या. सिमेंटमध्ये बसवणार तर टाइल्स आधी भिजवा, टाइल-ॲडेसिव्हवर मात्र कोरड्याच. सांधा २ मिमी, आणि वरच्या कडेला पाणी तोडणारी छोटी पागोळी काढा. तोवर पाटी लाकडी फळीवर लावून सोप्यात टांगा, चवथीला येणाऱ्यांना तिथेही दिसेल.