दिराच्या घराचा हप्ता आणि आमची कपल्स थेरपी

कोयनाकाठ:
एडिसन, न्यू जर्सी. जानेवारीपासून आम्ही दोघं कपल्स थेरपीला जातोय. थेरपिस्ट बाई चांगल्या आहेत, आमच्या विम्याच्या नेटवर्कमधल्या आहेत, कोपे (दर सेशनला आपल्या खिशातून जातो तो वाटा) परवडतो. पण गाडी एकाच जागी अडते. नवरा मोठ्या दिरांच्या कराडच्या घराचा हप्ता भरतोय आणि मला ते सासूबाईंच्या फोनवरून कळलं. हप्त्याला माझी ना नाही. भाऊजींनी ह्याच्या शिक्षणासाठी कॉलेज सोडून दुकान सांभाळलंय. मला आधी का सांगितलं नाही, एवढंच माझं भांडण. थेरपिस्ट मात्र दरवेळी "तुमचा संसार वेगळा, बाउंड्री आखा" यावर येतात. मग नवरा गप्प, मोबाइलच्या कव्हरशी चाळा सुरू. येताना गाडीत मीच सासरची बाजू घेऊन भांडते, म्हणजे बघा! मराठी थेरपिस्ट शोधू का? पुण्याचं कोणी ऑनलाइन चालेल?

वरणभात_०९:
नुसतं आडनाव बघून जाऊ नका. आमच्या बाई आपल्यातल्याच होत्या, पण स्वतःच्या सासूचा राग आमच्या सेशनमध्ये निघायचा. वर मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत पुढे त्याच उभ्या. नवरा मोदक न घेता घरी.

उंबरठा:
मी न्यू जर्सीतच क्लिनिकल सोशल वर्कर आहे. पुण्याचा विचार सोडा. इथे लायसन्स राज्यागणिक असतं आणि सेशनच्या वेळी क्लायंट जिथे बसलाय तिथलं लागतं.

बाई चांगल्या आहेत म्हणताय, तर बदलण्याआधी त्यांना एक सुचवा. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात (२०१३) 'कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू' म्हणून १६ प्रश्न दिलेत, नेटवर फुकट मिळतात. हा त्रास तुम्ही घरच्यांना कसा सांगाल, त्यांच्या मते कारण काय, तुमच्या पार्श्वभूमीतलं काय आधार देतं, काय जड जातं, अशा धर्तीचे. दोघांना वेगवेगळं विचारायला सांगा. गप्प बसणारा माणूस यात बरेचदा बोलतो. जोडीला जेनोग्राम काढा. म्हणजे तीन पिढ्यांच्या कुटुंबाचा कागदावरचा नकाशा, त्यात कोणी कोणासाठी काय सोडलं, पैसा कुठून कुठे गेला. भाऊजींचं कॉलेज त्यात आलं की 'संसार वेगळा' हा सल्ला बाईंचा बाईंनाच तोकडा वाटेल.

मात्र उलटंही होतं. "भारतीय कुटुंबात असंच चालतं" म्हणून थेरपिस्ट लपवाछपवीवर पांघरूण घालतात. मला तर तेच जास्त खटकतं. तुमची तक्रार खरी आहे, ती सोडू नका.

नाहीच जमलं तर सॅमहिन ही न्यू जर्सीतली संस्था दक्षिण आशियाई लोकांच्या मानसिक आरोग्यासाठीच काम करते, तिथे विचारा. आणि हे सगळं भांडणापुरतं. कुणाच्या घरी धाक, मारहाण असेल तर जोडीने थेरपीला जाऊच नये. 'मानवी' ही संस्था १९८५ पासून अशा बायकांसाठी इथेच काम करतेय.

कोयनाकाठ:
प्रश्न पाठवले. बाईंनी पुढचं सेशन दीड तासाचं ठेवलंय. काल रात्री दोघं जेनोग्राम काढायला बसलो, तर नवरा म्हणाला, जाऊबाईंनाही हप्ता कोण भरतं ते माहीत नाही. भाऊजींनीच सांगू नको म्हटलं होतं. आता हे दीड तासात बसेल का?