करिबा धरण आणि ग्वेंबे खोऱ्यातील टोंगा लोक

आफ्रिकेत झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर, झांबेझी नदीवर बांधलेले करिबा धरण हे निव्वळ अभियांत्रिकीतील यश आहे, असे म्हटले जाते; त्यात थोडी भर घालावीशी वाटते. ते यश मला पूर्ण मान्य आहे: १२८ मीटर उंचीची ही काँक्रीटची कमान १९५७ आणि १९५८ असे लागोपाठ दोन महापूर सोसून १९५९ मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्यामागचा सुमारे १८० घन किलोमीटर क्षमतेचा जलाशय घनफळाने आजही जगातील सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय मानला जातो.

परंतु या पाण्याखाली, झांबेझीच्या या भागातील ग्वेंबे खोऱ्यात राहणाऱ्या टोंगा या स्थानिक समाजातील सुमारे ५७,००० लोकांची गावे, शेते आणि पूर्वजांची स्थाने गेली. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या गाळात दुसरे पीक घेणाऱ्या या शेतकऱ्यांपैकी अनेकांना नदीपासून दूर, कोरड्या आणि निकस जमिनीवर नेऊन वसवण्यात आले. सप्टेंबर १९५८ मध्ये स्थलांतराला विरोध करणाऱ्या आठ गावकऱ्यांचा पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला. त्याच सुमारास सुरू झालेल्या, बुडत्या बेटांवरील हजारो वन्यप्राण्यांना वाचवणाऱ्या 'ऑपरेशन नोआ' मोहिमेची कीर्ती मात्र जगभर पोहोचली, आणि ही तफावत मला फार अस्वस्थ करते. करिबाची वीज प्रामुख्याने तांब्याच्या खाणींना आणि शहरांना मिळाली. तिच्यासाठी विस्थापित झालेल्या अनेक टोंगा गावांत ती कित्येक दशके पोहोचलीच नाही.