मदत हवी आहे : जेरियाट्रिक्सच्या, म्हणजे वृद्धांच्या उपचारशाखेच्या, निवासी डॉक्टरांचे शिकणे वॉर्डच्या कामात बुडते, प्रतिनिधीने समितीपुढे काय मांडावे?

सावली :
प्रशिक्षण समितीवर जेरियाट्रिक्सच्या 6 निवासी डॉक्टरांची बाजू मांडायची आहे. बैठकीला पाच आठवडे आहेत. अडचणी तीन. आठवड्यातला शिकवणीचा तास वॉर्डमधल्या फोनमुळे मोडतो. वृद्ध रुग्णाचे सर्वांगीण मूल्यमापन, म्हणजे सीजीए, आम्ही रोज करतो, पण ते करताना वरिष्ठ कधी समोर नसतात. फॉल्स क्लिनिक (वारंवार पडणाऱ्यांसाठी) आणि मेमरी क्लिनिक (स्मृतीच्या तक्रारींसाठी) कागदावरच राहते. सगळ्यांकडून निनावी प्रश्नावली भरून घ्यावी असे मनात आहे. त्यात काय विचारावे? आणि कोणाचेही नाव उघडे न पडता हे कसे मांडावे?

निरंतर :
सहा जणांत निनावी काही राहत नाही. वर्ष आणि वॉर्ड विचारलेत की माणूस ओळखू आलाच. शिवाय 'असमाधानी' हा शेरा समितीला सहज बाजूला ठेवता येतो. प्रश्नावलीऐवजी चार आठवडे नोंद ठेवा. रकाने पाचच : तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष मिनिटे, मोडला असल्यास कारण, फोन कोणाकडे होता. कारणासाठी चारच पर्याय द्या : वॉर्डचा फोन, नवी भरती, शिकवणारे आले नाहीत, इतर. रुग्णाचे नाव किंवा खाटेचा क्रमांक त्यात येता कामा नये. नोंद त्याच दिवशी व्हावी. आठवणीने भरली तर बुडालेले तासच तेवढे आठवतात, आणि विभागप्रमुखांनी 'कोणत्या तारखेला?' विचारले की सगळे म्हणणे कोसळते.

खरी मेख मात्र फोनची आहे. 'या वेळेत फोन करू नका' अशी सूचना वॉर्डमध्ये लावून उपयोग नाही, आणि ते सुरक्षितही नाही. शिकवणीच्या त्या तासासाठी फोन घेणारा डॉक्टर रोस्टरमध्ये नावानिशी असावा, दर आठवड्याला वेगळा. लगेच बोलवायचे कशासाठी हेही ठरवून टाका : अचानक आलेली गुंगी, डोक्याला मार लागलेले पडणे, धाप, रक्तदाब खाली जाणे. औषधाचा कागद पुन्हा लिहिणे, डिस्चार्जचे कागद हे वहीत टिपून ठेवता येते. तासाची वेळही तपासा. टीमची बैठक आणि नातेवाइकांच्या भेटी ज्या वेळेला असतात, ती वेळ घेतलीत तर तास मोडणारच.

वनवाटा :
'आमचे सीजीए पाहा' अशी मागणी करू नका. पूर्ण सीजीएला तास सहज जातो. वरिष्ठ होकार देतील आणि ते कधीच घडणार नाही. त्याचे तुकडे पाडा, एका वेळी एक, 15 ते 20 मिनिटांत बसणारा, आणि चूक तिथेच खाटेपाशी सांगून टाकायची.

पहिला तुकडा 4एटी, म्हणजे डिलिरियम (अचानक होणारा मानसिक गोंधळ) ओळखण्याची चाचणी. दोन मिनिटांची, म्हणून सगळ्यांना वाटते येते, आणि चुका इथेच होतात. श्रवणयंत्र किंवा चष्मा न लावता सुरुवात करतात. महिने उलटे म्हणायला सांगितल्यावर रुग्ण गुंगीमुळे सुरूच करू शकला नाही, तर 'तपासता आले नाही' लिहून पुढे जातात. प्रत्यक्षात त्याचे 2 गुण धरायचे असतात. अचानक झालेला बदल रुग्णालाच विचारतात. तो विचारायचा नातेवाइकांना किंवा नर्सला. एकूण 4 किंवा जास्त आले तर डिलिरियमची शक्यता. शांत पडून राहणारा रुग्ण नेमका याच चुकांमुळे निसटतो, हे फार वाईट आहे.

दुसरा तुकडा उभ्याचा रक्तदाब. पाच मिनिटे आडवे ठेवून पहिला, मग उभे केल्यावर पहिल्या मिनिटात आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर चाचणी सकारात्मक. खुर्चीत बसलेल्याला उभे करून घेतलेला आकडा चालत नाही, उतार लपतो.

तिसरा, फ्रेल्टीची, म्हणजे वयामुळे आलेल्या दुर्बलतेची, 1 ते 9 श्रेणी (9 कडे दुर्बलता जास्त). ती आजच्या अवस्थेवर द्यायची नसते, आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधीच्या हालचालींवर द्यायची असते. न्यूमोनियाने निपचित पडलेल्याला 7 दिले की पुढचे सगळे निर्णय चुकतात.

चौथा, औषधांची छाननी : प्रत्येक औषध कशासाठी, कधीपासून, आता गरज आहे का. पाचवा, नातेवाइकांशी बोलणे. हे पाहणे सर्वांत अवघड, पण सर्वांत गरजेचेही.

सावली :
खूप उपयोगी. पण कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, दोनच आहेत. यातले काही फिजिओथेरपिस्ट किंवा फार्मासिस्ट पाहू शकतील का?

वनवाटा :
चालणे-तोल फिजिओथेरपिस्टने आणि औषधे फार्मासिस्टने पाहिली तर उलट जास्त शिकायला मिळते. या शाखेची सुरुवातच तशी झाली. 1935 मध्ये ब्रिटिश डॉक्टर मार्जरी वॉरन यांनी इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात, असाध्य म्हणून पडून राहिलेले वृद्ध एकेक करून तपासले, नर्स आणि थेरपिस्ट यांना बरोबर घेऊन त्यांना उठवले, अनेकांना घरी पाठवले. फक्त लॉगबुकात सही कोणाची ग्राह्य धरतात हे अभ्यासक्रमाच्या नियमांत आधीच बघा. नाहीतर वर्षअखेरीस ती नोंद बाद होते.

रातराणी :
क्लिनिकबद्दल निरंतर यांच्या नोंदवहीने काम होणार नाही. जिथे जायलाच मिळत नाही त्याची काय नोंद करणार? प्रत्येकाच्या क्लिनिकच्या तारखा रोस्टर बनतानाच त्यात घालून मागा, महिन्याला दोन. नाइट ड्यूटीनंतरची सुट्टी क्लिनिकचा दिवस म्हणून दाखवलेली नाही ना, हे नक्की पाहा. असे सर्रास होते.

बैठकीसाठी एकच पान, आठवडाभर आधी पोचवलेले. विभागप्रमुखांशी त्याआधी बोलून घ्या. सर्वांसमोर पहिल्यांदा ऐकले की माणूस बचावात जातो. मागण्या तीनच : फोन घेणारा ठरवणे, आठवड्याला प्रत्येकी एक तुकडा समोर बसून पाहणे, क्लिनिकच्या तारखा. प्रत्येकीपुढे जबाबदार व्यक्ती आणि मुदत इतिवृत्तात लिहून घ्या. 'लक्ष घालू' हा निर्णय नव्हे.

एखाद्याला त्रास दिला जात असेल तर ते या यादीत घालू नका. त्या व्यक्तीची संमती घेऊन, वेगळ्या मार्गाने, वेगळ्या कागदावर.

आणि तुमच्याबरोबर एक कनिष्ठ सहप्रतिनिधी आत्ताच नेमा. तुमची बदली झाल्यावर इतिवृत्तातली मुदत कोणी विचारली नाही, तर तिन्ही मागण्या तिथेच थांबतात.