खारी दलदल, मालगुजारी तलाव आणि कार्बन

प्रश्न (साकोली, जि. भंडारा): या उन्हाळ्यात आमच्या मालगुजारी तलावातला (जुन्या काळच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेल्या तलावातला) गाळ उपसताना खालचा थर काळाकुट्ट निघाला आणि त्यात धसकटे अजून ओळखू येत होती. समुद्रकाठची खारी दलदल शेकडो वर्षे कार्बन साठवते, तसे आमचा तलावही करतो का?

उत्तर १: साठवतो, पण हिशोब वेगळा आहे. चिखलात ऑक्सिजन पोचत नसल्यामुळे दोन्हीकडे मुळे-पाने सावकाश कुजतात; मात्र समुद्राच्या पाण्यात सल्फेट (गंधकाचा क्षार) मुबलक असते आणि ते वापरणारे जिवाणू मिथेन (कार्बन असलेला वायू) करणाऱ्या सूक्ष्मजीवांना फारसे अन्न उरू देत नाहीत. गोड्या पाण्यात हा अडसर नसल्याने तळाशी काठी खुपसली की येणाऱ्या बुडबुड्यांत बराचसा मिथेनच असतो.

उत्तर २: शिवाय दलदलीतला सगळाच कार्बन तिथे राहत नाही. ओहोटी विरघळलेला कार्बन खाडीत आणि पुढे समुद्रात नेते, तर भरती नव्या गाळाचा थर चढवते. आपल्या तलावाला कुठली आली भरती!

प्रश्नकर्ता: मग उपसलेला गाळ धानाच्या बांधीत टाकला तर?

उत्तर १: हवा लागताच त्यातला काही कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. तरी जमिनीचा कस सुधारतो, म्हणून मी टाकतोच.