वर्गणी मागायला बेचाळीस किलोमीटर पळायची गरज काय?

चाळीसगावचा काका
परवा इथेच 'मेहरूणचा पळ्या' या पोराने पोस्ट टाकली, ती वाचल्यापासून डोकं तडकलंय. जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन पळणार म्हणे, आणि त्यानिमित्ताने सातपुड्यातल्या धडगावकडच्या पाड्यांवर दवाखान्याची गाडी फिरवणाऱ्या मंडळींसाठी पन्नास हजार जमवणार. वर वाक्य काय, तर "माझ्या घामाच्या प्रत्येक थेंबाला तुमची साथ हवी". अरे बाबा घाम तुझा, गाडीला डिझेल लागतं, घाम नाही लागत. बूट, घड्याळ, एन्ट्री, रेल्वे, मुंबईतलं लॉज, सगळं धरलं तर वीस-पंचवीस हजार कुठे गेले नाहीत. तेच उचलून सरळ दे ना त्यांना, पाय पण वाचतील. आमच्या वडिलांनी गावच्या शाळेची खोली वर्गणीतून उभी केली, गल्लोगल्ली हिंडले, तेव्हा किती किलोमीटर झाले ते कुणी मोजलं नाही आणि छातीवर नंबर लावून फोटोही काढला नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये असं शिकलो आम्ही. आता हाताचं पायाला आणि पायाचं अख्ख्या जिल्ह्याला.

धुळेकरीण
काका, तुमच्या वडिलांना नमस्कार, पण तेव्हा दार वाजवलं की लोक दार उघडायचे. मी स्वतः वाचनालयासाठी पावतीपुस्तक घेऊन तीन रविवार देवपुरात फिरले. तेवीसशे रुपये. एका घरी तर "साहेब झोपलेत" आणि आतून साहेबांचाच आवाज. पुढच्या वर्षी हाफ मॅरेथॉन पळणार म्हणून त्याच लोकांना मेसेज टाकला, एकतीस हजार आले. वाचनालय तेच, पुस्तकं तीच, मी पण तीच. आपण स्वतःला जरा त्रास करून घेतला की समोरच्याचा हात खिशात जातो, हे चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा, पण असं आहे.

चाळीसगावचा काका
म्हणजे लोकांना तमाशा लागतो, हेच ना? मग तसं म्हणा.

धुळेकरीण
पंढरीची वारी पायी करणाऱ्याला तुम्ही तमाशा म्हणता का? एसटी जाते की पंढरपूरला.

चाळीसगावचा काका
वारीला मध्ये आणू नका. वारकरी क्यूआर कोड घेऊन चालत नाही.

पारोळ्याचा मास्तर
पैशाचं बोलायचं तर आधी ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत देणारी, पावती मिळणार का ते विचारा. दोन हजाराच्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही, आणि नवीन कर पद्धत घेतली असेल तर या सवलतीचा विषयच संपला. लोक हे न बघता देतात आणि मार्चमध्ये माझ्याकडे येतात. मागे एका संस्थेला मी रनिंगच्याच नावाखाली पाच हजार दिले होते, पावती आली नाही, रोज सकाळी मोटिवेशनल मेसेज मात्र आले, शेवटी ब्लॉक केलं.

भुसावळचा गार्ड
पैशाचं राहू द्या, पोराच्या तब्येतीचं बघा. मी चार वर्षांपूर्वी असाच उत्साहात उतरलो होतो, तयारीत एकवीस किलोमीटरच्या वर कधी गेलोच नाही, वाटलं तिथे गर्दीत होऊन जाईल. तिसाव्या किलोमीटरपर्यंत राजा होतो. एकतीस-बत्तीसला अंगातली साखर संपली आणि पाय माझे राहिलेच नाहीत, आणि मग समोर पेडर रोडचा चढ. आपल्या लळिंग घाटापुढे तो चढ काहीच नाही हो, पण तेव्हा मला तो सप्तशृंगीगड वाटला. एका आजीने अर्धं संत्रं हातात दिलं आणि मी रडलो, खरंच रडलो. सांगायचं हे की आपली थंडी कोरडी, इथे डिसेंबरात पहाटे आठ-दहा डिग्रीत पळून वाटतं आपण घोडे, आणि मुंबईत दमट हवेत दहाव्या किलोमीटरलाच बनियन पिळायला येतं. नुसतं पाणी ढोसू नको, मीठ-साखर पाहिजे, नुसत्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस आडवा होतो. आणि दर चाळीस-पन्नास मिनिटांनी एक एनर्जी जेल घे.

रावेरचा बागवाला
जेल? खान्देशातला माणूस जेल खाणार? सव्वाशे रुपयाची ती चिकट पुडी, तिच्यात जेवढी साखर तेवढी आमच्या एका केळ्यात असते, वर पोटॅशियम फुकट. २०१६ साली जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सत्कार झाले, पेढे वाटले, पण भाव आम्ही आजही रोज सकाळी बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा फलक बघूनच ऐकतो. मुंबईत डझन साठ रुपये आणि इथे व्यापारी म्हणतो माल पिवळा पडलाय, किलोला पाच घे नाहीतर तोडू नको.

भुसावळचा गार्ड
दादा, केळं पोटात जड होतं पळताना, आणि ठेवायचं कुठे?

रावेरचा बागवाला
आमच्या बाया डोक्यावर घड घेऊन चिखलातून बांधापर्यंत येतात, तुम्हाला एक केळं नेता येत नाही होय. मे महिन्यात शेचाळीस डिग्री, मग जूनच्या वादळाने बाग आडवी, त्यातून वाचली तर सीएमव्ही व्हायरस, उपटून फेकली रोपं, तेही वाचलं तर थंडीचा चरका बसून केळी खराब. आमच्यासाठी पळतं का कोणी? पीकविम्यासाठी काढा ना एखादी मॅरेथॉन, रावेर ते मंत्रालय.

पारोळ्याचा मास्तर
विम्याचे निकष हवामान केंद्राच्या आकड्यांवर असतात, त्याचा इथे संबंध नाही.

रावेरचा बागवाला
ते केंद्र माझ्या बागेपासून कुठे आहे ते येऊन बघा मग संबंध शिकवा. केळीची कांदेबाग लावली का कधी आयुष्यात? खडू सोडून काही धरलंय का हातात?

पारोळ्याचा मास्तर
माझ्या वडिलांची केळीचीच मृगबाग होती, तीन एकर. कर्जात गेली. म्हणून खडू धरला.

रावेरचा बागवाला
...बरं. राहिलं. तुमच्यावर राग नव्हता मास्तर.

शिरपूरना भाऊ
माले एकच सांगा, हाऊ पोऱ्या काब्रं पयी ऱ्हायना, मांगे कुत्रं लागनं का?

मेहरूणचा पळ्या
भाऊ, लागतंच की. मेहरूण तलावाच्या मागच्या बाजूला तीन आहेत, त्यातलं तपकिरी फक्त मलाच ओळखतं.

काका, तुमचा हिशेब दुरुस्त करतो. बूट सेलमधले, चार हजार दोनशे. घड्याळ मोठ्या भावाचं जुनं, पट्ट्याला दोरा बांधलाय. मुंबईत डोंबिवलीच्या मावशीकडे झोपणार. घामाच्या थेंबाचं वाक्य फालतू होतं, कबूल, माझ्या बहिणीने लिहून दिलं. पण बाकीचं ऐका. मी पोळा झाल्यापासून आठवड्यात चार दिवस साडेचारला उठतोय. गेल्या रविवारी नशिराबादपर्यंत जाऊन परत आलो आणि उरलेलं तलावाला गोल गोल, मिळून अठ्ठावीस. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून मोज्यातच राहिलं, आईने ते बघितलं आणि दोन दिवस बोलली नाही. पळताना खिशात केळं ठेवलं होतं (बागवाले दादा, वाचा), सोळाव्या किलोमीटरला त्याचं शिकरण झालेलं, चड्डीतून चाटून खाल्लं.

आणि सरळ पैसे दे म्हणता ना? दिले होते. पगारातून तीन हजार. ते डिझेल-ड्रायव्हरमध्ये किती दिवस पुरतात तुम्हीच सांगा. मी त्या गाडीत एकदा बसून गेलोय, तोरणमाळच्या पलीकडे, पावसात. एक बाई लेकराला पाठीशी बांधून गाडीपर्यंत आली होती, डॉक्टरने विचारलं किती लांबून, तर तिने डोंगराकडे नुसती हनुवटी केली. तिने पण किलोमीटर मोजले नव्हते. मला मोजावे लागतात कारण माझ्या ऑफिसातले लोक त्या बाईला पैसे देत नाहीत, मला देतात. मला पण ते आवडत नाही.

चाळीसगावचा काका
बहिणीला सांग असली वाक्यं लिहू नको.

माझं मत बदललेलं नाही. तमाशाच आहे. पण किलोमीटरला दहा रुपये या हिशेबाने ४२.१९५ चे चारशे बावीस होतात. दोनशे अकरा आत्ता पाठवले, बाकीचे शेवटची रेघ ओलांडल्याचा फोटो आल्यावर. पळत आला तर. चालत आला तर पाच रुपयांचा दर.

धुळेकरीण
काका, वर नंबर लावून फोटोचं काय म्हणाला होता तुम्ही?

चाळीसगावचा काका
ती पावती आहे. मास्तरांना विचारा.

रावेरचा बागवाला
पोरा, शनिवारी मुंबईला निघशील तेव्हा जळगाव स्टेशनवर माझा पुतण्या केळ्यांची एक फणी देईल, कच्चटच देईन, रविवारी पहाटे बरोबर होतील. चड्डीत ठेवू नको. आजचा बऱ्हाणपूरचा भाव कुणी बघितला का?