अळी, सुरवंट, कोष : रुईवरच्या फुलपाखरासाठी नेमके शब्द कोणते?

प्रश्न : जैसलमेरला वाळूत उगवलेल्या आकाच्या झुडपावर पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट दिसला. तसाच इथे नाशिकला रुईवर सापडला. मुलीच्या प्रकल्पवहीत 'सुरवंट' लिहू की 'अळी'? आणि तो कोणाचा?

उत्तर : आक म्हणजे आपली रुईच. ही 'प्लेन टायगर'ची अळी. थरच्या वाळवंटातही हे फुलपाखरू आहे आणि आपल्या येवला-सिन्नरच्या माळांवरही. रुई असली की झालं. मादी पानाखाली एकेक अंडं घालते, तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते.

वहीत 'अळी'च लिहा. सुरवंट म्हटलं की अंगभर केस आणि खाज आली. शेवग्यावर घोळक्यानं बसतात ते सुरवंट. रुईवरची गुळगुळीत असते, पाठीवर मऊ काळ्या तंतूंच्या तीन जोड्या तेवढ्या. बोंडअळी, लष्करी अळी म्हणणारे आपले शेतकरी हा फरक अगदी चोख पाळतात, तो पुस्तकांतही पाळला जावा असं मला मनापासून वाटतं.

खरी गफलत 'कोष' शब्दात होते. रेशमाचा किडा स्वतःभोवती धागा गुंडाळतो तोही कोष, आणि फुलपाखराची अळी कात टाकून उलटी लटकते तोही कोष! पहिला म्हणजे वरचं आवरण, दुसरा म्हणजे अळी आणि फुलपाखरू यांच्यामधली अवस्था. आवरण उकळून निघालेल्या रेशमावर येवल्याची पैठणी उभी राहते. प्लेन टायगरची अळी मात्र पानाला चिकटायला रेशमाची इवलीशी गादी करते, बस. तिचा कोष हिरवा किंवा गुलाबीसर, उघडा. म्हणून आवरणाला 'रेशीमकोष' आणि या अवस्थेला नुसतं 'कोष' म्हणावं.

प्रतिसाद : आमच्या कुंडीतल्या घोळीवर काटेरी अळी होती. फुलपाखरू निघालं ते हुबेहूब प्लेन टायगरसारखंच!

उत्तर : ती 'डॅनाइड एगफ्लाय'ची मादी असणार. रुईच्या चिकातलं विष प्लेन टायगरच्या अंगात मुरतं, पक्षी त्याला टाळतात. ही मादी त्याचं सोंग घेऊन वाचते. मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर, नसले तर ही. हिच्या अळीचे काटे फांद्या फुटल्यासारखे दिसतात, पण खाज सुटत नाही. तेव्हा 'काटेरी अळी'च म्हणा, सुरवंट नको.